आंबा घाटात पलटी झालेली बोलेरो: एका बॉडीकामाची हकीकत

पलटी झालेली गाडी गॅरेजच्या दारात उतरली की मालकापासून शेजारच्या चहावाल्यापर्यंत सगळे टपाकडेच बघतात. टप बसलेला, काचा फुटलेल्या, ते बघून कुणाच्याही पोटात गोळा येतो. पण पत्र्याचं काम करणाऱ्याला विचाराल तर टप हा त्या गाडीतला सगळ्यात सोपा भाग. नवा मिळतो, चढतो, रंग मारला की विषय संपला. खरं दुखणं असतं ते टप ज्यांच्यावर उभा आहे त्या पिलरांत, आणि पिलरांच्या मधल्या रिकाम्या चौकटींत. या बोलेरोत ते अगदी उघडपणे दिसलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून काढलं.

गाडी चार वर्षांच्या आतली, पांढरी, दीड लिटरच्या तीन सिलिंडर डिझेल इंजिनाची. मालक शाहूवाडी तालुक्यातले शेतकरी. गाडी घरची, भाड्याची नव्हे. पावसाळ्यात रत्नागिरीहून परत येताना आंबा घाटात समोरच्या ट्रकला वाट देताना डावी चाकं साइडपट्टीखाली उतरली, गाडी डावीकडे कलंडली आणि टपावर येऊन थांबली. वेग फार नव्हता. मालकांचा मुलगा चालवत होता, पट्टा लावलेला होता, खांद्याला मुका मार बसला. शेजारी बसलेल्या चुलत्यांच्या हाताला टाके पडले. तेवढ्यावर निभावलं.

पडली डावीकडे, मार उजवीकडे

मालकांना एक गोष्ट काही केल्या पटत नव्हती. गाडी डाव्या अंगावर पडली, मग उजवी बाजू जास्त का चेपली? विम्याच्या कागदांवर कुणी शंका घेईल ही त्यांची भीती. प्रत्यक्षात पलटीत बहुतेक वेळा असंच होतं. डावीकडे कलंडणाऱ्या गाडीचं डावं अंग आधी जमिनीला लागतं, पण ते घासत लागतं. गाडीचं वजन अजून फिरतंच असतं. ती टपाच्या डाव्या कडेवरून गर्रकन वळते आणि उजवी कड वरून येऊन आपटते. म्हणून डावीकडे ओरखडे आणि उजवीकडे चेंदामेंदा.

इथेही तेच. उजव्या पुढच्या पिलरचं डोकं सुमारे ७० मिमी खाली दबलं होतं आणि आत, डावीकडे ढकललं गेलं होतं. त्याच पिलरच्या पायाशी, डॅशच्या कोपऱ्याजवळ, पत्र्याला करकरीत घडी पडली होती. मधला पिलर पट्ट्याच्या वरच्या बोल्टाच्या जरा वर वाकलेला. उजवं पुढचं दार जाम. पुढची काच चाळण होऊन आत लोंबत होती, बाजूच्या काचांचा सीटवर चुरा. डाव्या अंगाला मडगार्ड, दोन्ही दारं, मागचा लांब पत्रा हे सगळं रस्त्याने खरवडून काढलेलं, पण डोळ्यांना तरी चौकट जागेवर वाटत होती. मागे स्टेपनीचं ब्रॅकेट वाकलेलं.

शिवाय उजव्या मधल्या पिलरवर साखळीचे दात उमटले होते. ते अपघाताचे नव्हते. घाटात गाडी सरळ करताना क्रेनवाल्याने तिथेच साखळी गुंडाळली होती. अशी गाडी उचलताना पट्टे चासीला किंवा चाकांना घालायचे, पिलरला कधीच घालायचे नाहीत. पण रात्री, पावसात, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना हे त्याला सांगणार कोण?

टप किती भार सोसतो याची कसोटी अमेरिकेत १९७० च्या दशकापासून आहे. टपाच्या कडेवर लोखंडी पाट तिरका दाबत नेतात; टप १२७ मिमी दबायच्या आत त्याने रिकाम्या गाडीच्या वजनाच्या दीडपट भार झेलला पाहिजे, हा मूळ नियम. २००९ मध्ये २७२२ किलोपर्यंतच्या गाड्यांसाठी हा भार दीडपटीऐवजी वजनाच्या तिप्पट केला आणि एकाऐवजी दोन्ही कडा तपासायच्या ठरवल्या. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आपटून त्यांना सुरक्षेचे तारे देणं, सुरू झालं. त्यात समोरची धडक ताशी ६४ किमीची, बाजूची ५० ची आणि खांबावरची २९ ची घेतात; पलटीची चाचणी त्यात नाही. आणि एकदा पलटी झालेली गाडी नीट उभी केली का, हे रस्त्यावर यायच्या आधी कुणी दाबून बघत नाही. रंग चढला की सगळं झाकलं जातं. म्हणून या कामातली राखण पत्रा जोडणाऱ्यालाच करावी लागते.

चावी फिरवायची नाही

गाडी चाकांवर उभी राहिली की प्रत्येकाला ती चालू करून बघायची असते. इथेही घाटातच कुणीतरी चावी मागितली होती. चुलत्यांनी दिली नाही, हे नशीब. गाडी उलटी पडून राहिली की चेंबरमधलं ऑइल रिंगांवरून आणि ब्रीदरच्या नळीतून सिलिंडरमध्ये, टर्बोच्या पाइपांत उतरतं. ऑइल दबत नाही. अशात स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि डिझेल इंजिन एकदा त्या ऑइलवरच पळायला लागलं तर चावी काढूनही बंद होत नाही.

हीटर प्लग काढले, पुलीच्या नटाला पाना लावला आणि क्रँक हाताने फिरवला. एका सिलिंडरमधून काळ्या ऑइलची पिचकारी उडाली ती थेट मेकॅनिकच्या शर्टावर. बाकीचे दोन जवळपास कोरडे होते. एअर फिल्टर ऑइलने चिंब, तो टाकला. इंटरकूलर आणि त्याचे पाइप उतरवून धुतले. बॅटरीचं ॲसिड सांडलं होतं, ती जागा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढली, नाहीतर वरून कितीही रंग मारा, ते पत्रा आतून खात राहतं. ब्रेकच्या डबीतून लाइनीत हवा शिरली होती, ब्लीडिंग करून ती काढली. चालकाचा सीटबेल्ट बदलला, कारण माणसाचा झटका एकदा झेललेल्या पट्ट्यावर दुसऱ्यांदा भरवसा ठेवता येत नाही. इंजिनाचं काम एवढंच.

७५ टक्क्यांची रेघ

मालकांचं पहिलं वाक्य होतं, "दादा, टोटल लॉसच करा की. नवीच घेतो."

टोटल लॉस आपण करत नाही, विम्याचं गणित करतं. पॉलिसीवर गाडीची घोषित किंमत लिहिलेली असते, तिला सगळे आयडीव्ही म्हणतात. तीन ते चार वर्षांच्या गाडीला कंपनीच्या विक्री किमतीतून ४० टक्के घसारा वजा होतो. इथे दहा लाखांचे सहा लाख झाले होते. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा, पॉलिसीच्या अटींनुसार देय होणारा खर्च या सहा लाखांच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे साडेचार लाखांवर गेला, तरच ती गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. आणि तसं झालं तरी हातात येणार ते सहा लाखांच्या हिशेबाने. हे समजल्यावर मालक थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "सहा लाखांत कुठली नवी येतीय? करा दुरुस्त."

गाडी खोलल्यावर विम्याचे सर्व्हेअर साहेब दुसऱ्यांदा आले. पलटीच्या गाडीचा अंदाज न खोलता काढणं म्हणजे निव्वळ ठोकताळा. अस्तर आणि डॅश उतरवल्याशिवाय पिलरचा आतला पत्रा दिसतच नाही. सगळं धरून आकडा पावणेचार लाखांवर गेला. त्यात पत्र्याचे भाग एक लाख साठ हजारांचे, त्यांना वयाप्रमाणे २५ टक्के घसारा. प्लास्टिक, रबर, बॅटरी असे चव्वेचाळीस हजारांचे, त्यांना ५० टक्के. काचा सव्वीस हजारांच्या, त्यांना घसारा नाही. रंगकाम साठ हजार. त्यातला पाव हिस्सा मालाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे साडेसात हजार गेले. मजुरी पंच्याऐंशी हजार, ती पूर्ण. १५०० सीसीच्या आतली गाडी म्हणून सक्तीची कपात एक हजार. जुन्या पत्र्याच्या भंगाराचे साडेसहा हजार वजा. विम्याकडून दोन लाख अठ्ठ्याण्णव हजार आणि मालकांच्या खिशातून सत्त्याहत्तर हजार. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचा जादा विमा, घेतलेला नव्हता. क्रेनचे नऊ हजार वेगळे. खासगी गाडीच्या साध्या पॉलिसीत टोचनाचे दीड हजारच मिळतात, घाटात क्रेनवाला काय मागतो याच्याशी त्या दीड हजाराचा काही संबंध नाही.

या सत्त्याहत्तर हजारांवरूनच पुढचा प्रस्ताव आला. मालकांचे मेहुणे मुंबईत असतात. ते म्हणाले, कुर्ल्याच्या बाजारातून पिलरांसकट कापलेला टप आणू, पिलर मधोमध कापून त्यावर ठेवू, निम्म्या पैशात काम. हे करणारे आहेत, आणि रंग मारल्यावर भल्याभल्यांना ओळखू येत नाही. आमचा नकार दोन कारणांसाठी होता. एक, सगळ्या पिलरांना एकाच उंचीवर जोड येतो. गाडी पुन्हा आडवी झाली तर ती नेमकी त्याच रेषेवर दुमडणार. दुसरं, तो टप कुठल्या अपघातातून आला हे कुणालाच माहीत नसतं. वेगळ्या चासीवर बसणाऱ्या गाडीला आख्खी नवी बॉडी चढवणं हा मार्ग मात्र खरा आहे, आणि दोन्ही बाजू कामातून गेल्या असत्या तर तोच सुचवला असता. इथे डावी बाजू वाचली होती, म्हणून दुरुस्ती.

फळीवरची मापं

मिस्त्री जुने, जिपांवर हात बसलेला माणूस. हातोडी मात्र बरेच दिवस त्यांनी उचललीच नाही. मालक अधूनमधून चक्कर मारायचे आणि गाडी तशीच बघून वैतागायचे.

आधी चासी बघितली. गाडी स्टँडवर घेतली, चासीला कारखान्यातून पाडलेल्या भोकांतून ओळंबे सोडले, फरशीवर खडूने खुणा केल्या आणि कर्ण मोजले. फरक २ मिमी. ३ मिमीपर्यंत चालतं, म्हणजे चासी वाचली. लेव्हल ट्यूबने दोन्ही बाजूंची उंची तपासली, मागच्या पाट्यांचे सेंटर बोल्ट शाबूत आहेत हे पाहिलं.

मग कळलं की चासी जागेवर असली तरी बॉडी तिच्यावर जागेवर नाही. उलट्या पडलेल्या गाडीचा टप रस्त्यावर घसरतो, रस्ता बॉडीला अडवतो आणि खाली, म्हणजे त्या वेळी वर, असलेली चासी आपल्या वजनाने पुढे जाऊ पाहते. दोन्हींच्या मध्ये फक्त रबरं आणि बोल्ट. पुढचे उजवे दोन बोल्ट वाकले होते, रबरं फाटली होती आणि आख्खी बॉडी सुमारे १० मिमी डावीकडे सरकली होती. हे लक्षात न घेता कुणी चासीवरून मापं काढून पिलर ओढायला घेतले असते तर सरळ पिलरही वाकडे करून ठेवले असते. सगळे बोल्ट सैल केले, चेन ब्लॉकने बॉडी जागेवर आणली, नवी रबरं घालून टॉर्क पान्याने आवळली. तिथून पुढे मापांना अर्थ आला.

माप कशाशी ताडायचं? नेहमीची पद्धत म्हणजे चांगल्या बाजूवरून वाईट बाजूचं काढायचं. पलटीत ती धोक्याची, कारण चांगली दिसणारी बाजूही ओढली गेलेली असते. आमच्याच एका गिऱ्हाइकाची त्याच मॉडेलची, कधी न ठोकलेली गाडी सर्व्हिसला येणार होती. ती दिवसभर ठेवून घेतली आणि तिची प्रत्येक चौकट मोजली: दारांचे दोन-दोन कर्ण, तीन ठिकाणी उंची, काचेच्या चौकटीचे कर्ण, आणि आतून आडवं, उजव्या पुढच्या पिलरच्या डोक्यापासून डाव्या मधल्या पिलरच्या पायापर्यंत. सगळं प्लायच्या एका फळीवर पेन्सिलने लिहून फळी भिंतीला टांगली. शेजारच्या रकान्यात आपल्या गाडीची मापं.

काचेच्या चौकटीच्या दोन कर्णांत ३१ मिमीचा फरक. उजव्या पुढच्या दाराचा एक कर्ण २४ मिमीने तोकडा, दुसरा ९ ने लांब. म्हणजे चौकट नुसती कलली नव्हती, दबलीही होती. आणि ज्या डाव्या बाजूला सगळ्यांनी चांगलं म्हटलं होतं तिथेही पुढच्या दाराचा कर्ण ४ मिमीने चुकत होता. टप डावीकडे ढकलला गेला तेव्हा त्याने तिकडच्या पिलरांनाही थोडं सोबत नेलं होतं. नुसत्या नजरेने हे कुणालाच दिसलं नसतं.

ओढायचं आधी, कापायचं नंतर

नव्या पोरांना वाटतं, चेपलेला टप आधी कापून फेकावा, मग पिलर मोकळे होतात आणि काम सोपं जातं. मिस्त्री तसं करू देत नाहीत. जो पत्रा दबताना पिलरला ओढत खाली घेऊन गेला, तोच त्याला परत वर आणायची दोरी आहे. तो कापला की प्रत्येक पिलर सुटा होतो आणि आपापल्या मनाप्रमाणे वळतो. शिवाय मार ज्या क्रमाने बसला त्याच्या उलट क्रमाने काढायचा. शेवटचा दणका आधी.

उजव्या पिलरच्या डोक्याशी आतून हायड्रॉलिक जॅक लावला, खाली फरशीवर भार पसरावा म्हणून बाभळीचा ठोकळा, वर पिलरला जखम होऊ नये म्हणून दुसरा. बाहेरून साखळी, उजवीकडे आणि जरा पुढे ओढणारी. जॅकचा दांडा दोन-तीनदा खालीवर करायचा, थांबायचं. तेवढ्यात मिस्त्री पिलरच्या पायाच्या घडीभोवती लहान हातोडीने टकटक करत राहायचे. जोरात नाही, ताणलेल्या पत्र्याला आपली जागा आठवावी इतपत. मग जॅक सोडायचा आणि टेप लावायचा. लोखंड थोडं मागे येतंच, म्हणून हव्या त्या मापाच्या दोन-चार मिमी पुढे नेऊन सोडावं लागतं. तसं करत करत काचेच्या चौकटीतला फरक ३१ वरून ५ वर आला, डावं दार आपोआप दीड मिमीवर. डाव्या बाजूला हात न लावता ती सुधारली, कारण तिला धरून ठेवणारा ताण उजवीकडून निघाला होता.

इथे गॅस पेटवायचा मोह होतो. पिलरची घडी लाल केली की मेणासारखी वळते. आमच्याकडच्या एका डेंटरने नळी आणलीही होती. मिस्त्री त्याला म्हणाले, "बाळा, गरम करून सरळ केलास तर सरळ होईल, पण पिलर राहणार नाही." हल्लीच्या गाड्यांत पिलरच्या आत अति-मजबूत पोलादाच्या पट्ट्या असतात, त्यांची ताकद कारखान्यातल्या तापवण्या-थंड करण्यातून आलेली असते आणि गॅसच्या ज्योतीने ती कायमची जाते. अशा पट्ट्या सरळ करायच्या नसतात, बदलायच्या असतात. ही गाडी साध्या पत्र्याची असली तरी करकरीत घडी पडलेला पिलर परत वापरायचा नाही हा नियम इथेही पाळला. ओढून माप आणलं ते नवा पिलर बरोबर जागी बसावा म्हणून. घडीचा भाग काढूनच टाकला.

मापं आल्यावर टपाचे स्पॉट, म्हणजे कारखान्यातले वेल्डिंगचे ठिपके, ८ मिमीच्या ड्रिलने एकेक करून उघडले, पन्हळीच्या कडेने टप सुटा झाला. पुढच्या पिलरचा बाहेरचा पत्रा पूर्ण बदलला, आतला अर्धा. आतला आणि बाहेरचा जोड एका रेषेत येऊ दिला नाही, दोन्हींत वीतभर अंतर ठेवलं, आणि आतल्या जोडाखाली त्याच जाडीच्या पत्र्याची बाही सरकवली. बिजागरीच्या आणि पट्ट्याच्या बोल्टाजवळ काप घ्यायचा नाही. मधल्या पिलरचा वाक बोल्टाच्या वर असल्याने तिथेही वरचाच तुकडा बदलता आला. क्रेनच्या साखळीचे दात त्याच तुकड्याबरोबर गेले.

जोडकाम सीओटू वेल्डिंगने, पत्र्याला भोकं पाडून ती भरत. कारखान्याचे जितके स्पॉट होते तितकी भोकं, एखाद-दुसरं जास्तच. आधी सगळीकडे नुसते टाके, आणि तेही आलटून पालटून, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही. पत्रे एकमेकांवर येतात तिथे आधी जस्ताचा प्रायमर, नाहीतर वेल्डिंगनंतर त्या फटीत ब्रश पोचत नाही आणि दोन पावसाळ्यांत आतून गंज येतो.

दार खोटं बोलतं

टाके मारून झाले की गिऱ्हाईक आणि बऱ्याचदा सर्व्हेअरही दार लावून बघतात. दार एका हाताने लागलं, फट सारखी दिसली, की काम पास. माझा या परीक्षेवर अजिबात विश्वास नाही. दार बसवण्याच्या युक्त्या पत्र्याच्या धंद्यात पोरगंही शिकतं. बिजागरीत लाकडाचा तुकडा धरून दार रेटलं की बिजागरी वाकते आणि फट सुधारते. स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरचा ज्यात दाराचं लॉक अडकतं तो आकडा, सरकवता येतो. दाराची कड ठोकून बारीक करता येते. चौकट १५ मिमीने चुकलेली असली तरी दार लागतं, आणि तसं लावून दिलेल्या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत. त्या पुढे ओळखू येतात: खड्ड्यात दार करकरतं, पावसात पायाशी पाणी येतं, काच वर जाताना अडते.

म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला. दार आधी रबराशिवाय आणि स्ट्रायकर काढून टांगायचं. नव्या बिजागऱ्या, त्यांना हात लावायचा नाही. दार नुसत्या बिजागरीवर लोंबतं आणि चौकटीत कसं पडतं ते दाखवतं. उजवं पुढचं दार वरच्या मागच्या कोपऱ्यात घासत होतं. बाहेरून फट दुरुस्त करणं पाच मिनिटांचं काम होतं. फळीवर बघितलं तर तोच कर्ण अजून ४ मिमीने कमी. तीन टाके ग्राइंडरने सोडवले, जॅक परत लावला, कर्ण आणला. दार आपणहून मोकळं झालं.

दारापेक्षा पुढची काच जास्त प्रामाणिक. ती वाकत नाही, सरकत नाही, तिला समजावता येत नाही. चौकटीत पीळ राहिला तर ती बसवतानाच कोपऱ्यात तडकते, नाहीतर चार दिवसांनी गाडी उन्हात उभी असताना एक रेघ वर चढत जाते. पक्कं वेल्डिंग करायच्या आधी नवी काच चौकटीत कोरडी ठेवून बघितली. चारही कोपरे एकदम टेकले, कुठे डोलली नाही. त्यानंतरच मिस्त्रींनी राहिलेली भोकं भरली.

पत्रा, लांबी, रंग

डाव्या बाजूची दारं आणि मडगार्ड नवीन आले, पण मागचा लांब पत्रा ठेवला. तो बदलायचा तर पुन्हा चांगले जोड उघडावे लागले असते. रस्त्यावर घासून तो मधोमध ताणला गेला होता. अंगठ्याने दाबला की आत जायचा, सोडला की टुबुक करून बाहेर. ताणलेला पत्रा ठोकून आणखी ताणतो. त्याला आवळावं लागतं: रुपयाएवढा ठिपका तापवायचा, मागे डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून भोवतीने हलके ठोके, आणि ओलं फडकं. मिस्त्री तळहाताखाली पातळ सुती कापड घेऊन पत्र्यावरून हात फिरवत होते, लांबून लांब, कोपरापासून. उघड्या हाताला कातडीच्या घर्षणाने उंचवटा कळत नाही, कापडाखाली कळतो. एका जागी थांबले, खडूने गोल केला, तिथे आणखी एक ठिपका. टुबुक थांबलं. पिलरांवर मात्र असली आवळणी नाही, तिथली गॅसबंदी कायम.

लांबीचा, म्हणजे खळगे भरायच्या पुट्टीचा, थर २ मिमीच्या वर कुठेही जाऊ दिला नाही. पलटीच्या गाडीवर जाड लांबी भरून टप सरळ केल्याची उदाहरणं आम्ही खोलून बघितली आहेत; बोटभर थर निघतो आणि खाली पत्रा जसाच्या तसा चेपलेला. इपॉक्सी प्रायमर, मग सरफेसर, पॉलिश पेपर, रंग. पांढरा रंग सोपा हा गैरसमज आहे. चार वर्षं ऊन खाल्लेला पांढरा डब्यातल्या पांढऱ्यापेक्षा पिवळसर असतो, आणि टपाच्या पन्हळीपाशी जुना-नवा शेजारी येतो. कार्डावर मारून, वाळवून, उन्हात धरून दोनदा छटा बदलली. कोल्हापूरच्या जुलैत हवेतली ओल इतकी की साध्या थिनरने रंगावर धूसरपणा धरतो. हळू उडणारं थिनर घेतलं आणि गाडी ६० अंशांच्या बूथमध्ये ठेवली.

सगळ्या पोकळ पिलरांत नळीने मेण सोडलं. जोडांवर सीलर. रबरं चढवल्यावर त्यांना खडू चोळून दारं लावली. ज्या ठिकाणी चौकटीवर खडू उमटला नाही तिथून पाणी येणार हे ठरलेलं. एक जागा सापडली, डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात, ती बसवली. मग एकजण बॅटरी घेऊन आत, दुसरा पाइप घेऊन बाहेर, टपावर आणि काचेवर बराच वेळ पाणी. आत थेंब नाही.

सोपवताना

गाडी नेताना मालकांनी दोन गोष्टी मागितल्या. टपावर मोठा कॅरियर, आणि टप काळा करून द्यायचा. रंगाबद्दल सांगितलं की तो बदलायचा तर आरटीओत नोंद करा आणि नोंदणी पुस्तिकेत चढवा, त्यात आमचं काही नाही. कॅरियरला मात्र नाही म्हटलं. पन्हळीचा जोड मजबूत आहे, पण उसाचं बियाणं टपावर लादून घाट चढणाऱ्या गाडीचं वजन वर जातं आणि तीच गाडी पुन्हा कलंडायला सोपी होते. मेहुण्यांनी शेवटी विचारलं, "एवढी मापं लिहिलीत, ती आम्हाला मिळतील का?" फळीचा फोटो काढून दिला, दोन्ही रकान्यांसकट. शेवटच्या मापात सगळ्यात मोठा फरक २ मिमी होता, उजव्या मागच्या दाराचा.

हजार किलोमीटर झाल्यावर बॉडीचे बोल्ट पुन्हा आवळायला गाडी बोलवली होती. नवी रबरं बसकण घेतात, बोल्ट थोडे सैल पडतात. दोन बोल्टांना पाव फेरा लागला. काच शाबूत होती. उजव्या दाराला मालकांनी गावातल्या मेकॅनिककडून स्पीकर बसवून घेतला होता आणि त्यासाठी दाराचा आतला पत्रा कापला होता. तिथे कच्ची कड राहिली होती, तिला प्रायमर लावून दिला आणि बिल केलं नाही.